मैदानाला प्राध्यापकाची खुर्ची

आमच्या कॉलेजात जिमखान्याच्या सरांना स्टाफरूममध्ये खुर्ची नव्हती. कुणी मनाई केली होती असं नाही. पण ते आपले जिमखान्याच्या खोलीत, व्हॉलीबॉलच्या जाळ्या आणि फुटके कॅरम बोर्ड यांच्यामध्ये, एका लोखंडी खुर्चीवर बसत. पहाटे मैदानावर फक्की मारताना दिसत, दुपारी परीक्षेचे गठ्ठे मोजताना आणि गॅदरिंगच्या दिवसांत गेटवर आयकार्डं तपासताना. पाहुणे आले की हारतुरे आणायलाही तेच. यातून जो अर्धापाऊण तास उरे, तो आमच्या खो-खोचा.

कागदोपत्री ते ‘शारीरिक शिक्षण संचालक’ होते. या संचालकाला शिक्षक म्हणायचं की कार्यालयीन कर्मचारी, ‘टीचिंग’ की ‘नॉन-टीचिंग’, हा वाद आपल्याकडे अजूनही निघतो. यूजीसीच्या नियमांत त्याची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची आहे, त्यालाही प्राध्यापकांसारखी नेट परीक्षा लागते. पण पगार सारखा झाला म्हणून खुर्ची मिळतेच असं नाही. माझं म्हणणं असं, की कॉलेजात खेळ ठेवायचे असतील तर खेळ शिकवणाऱ्याला प्राध्यापकाची पूर्ण खुर्ची द्यावी, आणि प्राध्यापकासारखाच त्याच्याकडे हिशोबही मागावा. यातलं एकच केलं तर काय होतं, ते मी एका अमेरिकन माणसाच्या आयुष्यावरून सांगणार आहे. तिकडे एवढ्या लांब जायचं कारण सरळ आहे. हा प्रयोग तिथे शंभर वर्षांपूर्वी करून झालेला आहे, आणि त्यातलं बरंवाईट दोन्ही समोर आहे.

अमोस अलोन्झो स्टॅग. जन्म १८६२, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज गावी, जोडे शिवणाऱ्याच्या घरात, आठ भावंडांतले पाचवे. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून येल विद्यापीठात गेले. पैशांची इतकी ओढाताण, की शेगडी नसलेल्या माळ्यावर राहून अर्धपोटी अभ्यास केला. बेसबॉलमधले पिचर म्हणून त्यांचं एवढं नाव झालं, की व्यावसायिक क्लब मागे लागले. त्या सगळ्यांना नकार. १८८९ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा (आपला नव्हे, अंडाकृती चेंडूचा) पहिला ‘ऑल अमेरिका’ संघ, म्हणजे देशभरच्या कॉलेजांतल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी, निवडला गेला, त्यातही ते होते. पुढे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला लोकांसमोर उभं राहून बोलता येत नाही. धर्मोपदेशकाला ही अडचण मोठीच. मग ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला, वायएमसीए या तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले. तिथे जेम्स नाइस्मिथ यांनी नुकताच एक नवा खेळ काढला होता. ११ मार्च १८९२ रोजी त्या बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५-१ ने जिंकले आणि शिक्षकांची ती एकुलती एक बास्केट स्टॅग यांची होती.

त्याच वर्षी तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशांतून शिकागो विद्यापीठ उघडत होतं. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर मोठे बायबल-अभ्यासक. येलमध्ये त्यांनी स्टॅग यांना शिकवलं होतं आणि या पोराचं पाणी जोखलं होतं. त्यांनी पगाराचा आकडा वाढवत वाढवत २५०० डॉलरवर नेला. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट पुढे होती. स्टॅग यांना सहयोगी प्राध्यापकाचं पद मिळालं, ‘शारीरिक संवर्धन आणि खेळ’ या विभागाचं प्रमुखपद मिळालं आणि नोकरी कायमची झाली. अमेरिकेत खेळाच्या कोचला असं कायम शिक्षकाचं पद मिळण्याची ही पहिली वेळ मानतात. तोवर कोच म्हणजे हंगामापुरता बोलावलेला जुना खेळाडू. चार महिने यायचा, जिंकून द्यायचा, मानधन खिशात घालून जायचा.

पहिल्या वर्षी खेळाडू पुरेनात, तेव्हा प्राध्यापकमहाशय स्वतःच जर्सी घालून उतरले. मग १९३२ पर्यंत, एकूण एक्केचाळीस हंगाम, फुटबॉल शिकवत राहिले. मधल्या काळात वीसेक वर्षं बेसबॉल, जवळजवळ तीन दशकं धावणं-उड्या-फेक, आणि गरज पडली तेव्हा १९२०-२१ चा एक हंगाम बास्केटबॉलही. शिवाय विभागाचा सगळा व्याप त्यांच्याच अंगावर. १९०२ पासून त्यांनी देशभरच्या शाळकरी मुलांच्या ॲथलेटिक्स स्पर्धा शिकागोत भरवल्या, १९१७ पासून शाळांच्या बास्केटबॉलच्याही. १८९४ च्या नाताळात संघ घेऊन पार कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डशी खेळून आले. १९१० मध्ये विद्यापीठाचा बेसबॉल संघ जपानात वासेदा विद्यापीठाशी खेळायला गेला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकन धावपटूंच्या प्रशिक्षकांमध्येही ते होते.

एक माणूस चार-चार खेळ शिकवतो म्हटलं की आज आपल्याला हसू येतं. हा कसला तज्ज्ञ? पण आपल्या कॉलेजांतला संचालकही नेमकं हेच करत असतो. सकाळी क्रॉस कंट्री, दुपारी कबड्डी, आठवड्याने बुद्धिबळाचा संघ घेऊन आंतरमहाविद्यालयीनला. त्याला एकाच खेळाच्या कोचशी तोलणं अन्यायाचं आहे. चार खेळ हाताळणाऱ्याला एक गोष्ट दिसते जी एका खेळाच्या माणसाला सहसा दिसत नाही. हा मुलगा या खेळात नाही, त्या खेळात बसेल. स्टॅग यांच्या नावावर ज्या युक्त्या सांगतात, टॅकलचा, म्हणजे समोरच्याला धरून पाडण्याचा, सराव करायचा पुतळा, बेसबॉलच्या फलंदाजीचा पिंजरा, खेळाडूंनी डोकी एकत्र करून केलेली खलबतं, त्यांतल्या किती त्यांच्या स्वतःच्या आणि किती नंतर चिकटलेल्या, यावर मी पैज लावणार नाही. पण फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्हींच्या मानाच्या दालनांत त्यांचं नाव आहे, आणि फुटबॉलच्या दालनात तर खेळाडू म्हणूनही आणि प्रशिक्षक म्हणूनही.

कायमच्या खुर्चीने काय दिलं? वेळ दिला. स्टॅग यांनी सात वेळा मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांच्या गटाचं अजिंक्यपद मिळवलं, त्यातलं शेवटचं १९२४ चं. त्यानंतर संघ घसरत गेला. आजच्या अमेरिकेत अशा कोचला तिसऱ्या वर्षी नारळ मिळतो. स्टॅग पुढे आठ वर्षं होते. हरणाऱ्या संघाला शिकवत राहायची मुभा प्राध्यापकालाच असते. गणितात वर्ग नापास झाला म्हणून कुणी गणिताच्या सरांना हंगामाअखेर काढत नाही. मैदानावर ते शिवी देत नसत. फार चिडले तर ‘गाढवा’, आणि त्याहून चिडले तर ‘दुहेरी गाढवा’. यंदाचा संघ कसा आहे, असं विचारलं की, ही पोरं पुढे कशी निघतात ते पाहून वीस वर्षांनी सांगेन, असं उत्तर देत, अशीही एक गोष्ट त्यांच्या नावावर आहे. हंगामी कोचला हे उत्तर परवडत नाही. वीस वर्षांनी तो तिथे असणारच नसतो.

इथवरचं वाचून कुणाला वाटेल, मी संताचं चरित्र लिहितोय. तसं नाही.

हार्पर यांना खेळाचं वेड होतं, पण त्यामागे हिशोबही होता. नवं विद्यापीठ गावोगाव माहीत व्हायला हवं. संघ देशभर फिरावा, सगळ्या कॉलेजांना लोळवावं. त्यासाठी रेल्वेचा खास थाटाचा डबा द्यायचीही त्यांची तयारी होती. आणि स्टॅग थेट अध्यक्षांनाच जबाबदार. बाकीच्या प्राध्यापकांच्या सभेने त्यांना जाब विचारावा अशी सोय नव्हतीच म्हणा ना. त्यांना प्राध्यापकाची खुर्ची मिळाली, पण तिच्याबरोबर प्राध्यापकाचं जोखड आलं नाही. विभागाचा पैसा, वेळापत्रक, खेळाडू, सगळं एका मुठीत. वॉल्टर एकरसॉल हा त्यांचा सर्वांत लाडका क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा खेळाडू. १९०४ ते १९०६ असा तीनही वर्षं ‘ऑल अमेरिका’. नोव्हेंबर १९०५ मध्ये मिशिगनची छप्पन्न सामन्यांची अपराजित मालिका शिकागोने २-० अशी मोडली, तेव्हा तो शहराचा हिरो होता. इतकी वर्षं विद्यापीठाने त्याच्या पायांवर नाव कमावलं आणि तो पदवी न घेताच बाहेर पडला. पुढे वृत्तपत्रात खेळांवर लिहून त्याने नाव काढलं ही त्याची हुशारी, विद्यापीठाची नव्हे. दारू-जुगारापासून लांब राहणाऱ्या, शिवी न देणाऱ्या, धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या शिक्षकाच्या हाताखाली हे झालं. माणूस चांगला असला म्हणजे व्यवस्था लागत नाही, हा भ्रम आपल्याकडेही भरपूर आहे. ‘आमचे सर देवमाणूस’ म्हटलं की जिमखाना फीचा हिशोब विचारणारा कृतघ्न ठरतो.

याच सुमारास अमेरिकेत रान पेटलं होतं. १९०५ च्या एका हंगामात फुटबॉल खेळताना अठराएक मुलं मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या माणसांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. जानेवारी १९०६ मध्ये मिशिगनचे अध्यक्ष जेम्स एंजल यांच्या पुढाकाराने मध्य-पश्चिमेतली विद्यापीठं एकत्र बसली. त्यांनी सामन्यांची संख्या घटवली, खेळाडूच्या पात्रतेला तीन वर्षांची मर्यादा घातली आणि सांगितलं, की हंगामी कोच नको, तो नियमित शिक्षकवर्गातलाच हवा. म्हणजे स्टॅग यांच्याशी चौदा वर्षांपूर्वी झालेला करारच नियम म्हणून पुढे आला. गंमत अशी, की नियम मिशिगनच्याच अध्यक्षांनी आणला आणि नियम नकोत म्हणून काही वर्षं गटातून बाहेर पडलं तेही मिशिगनच. त्यांचे कोच फील्डिंग योस्ट हंगामापुरते येणारे, एरवी आपला धंदा-वकिली सांभाळणारे. पण ते जिंकून देत होते, आणि जिंकून देणाऱ्याला नियम लावायला कुणाचा हात धजतो?

१९२९ मध्ये शिकागोला नवे अध्यक्ष आले, रॉबर्ट हचिन्स. वय तीस. त्यांना विद्यापीठात पुस्तकं, वाद आणि प्रयोगशाळा हव्या होत्या. मैदान ही अडगळ. सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना १९३२ च्या हंगामानंतर निवृत्त केलं. मान म्हणून दुसरं पद देऊ केलं होतं, पण ज्यात शिकवणं नाही ते पद घेऊन काय करायचं, असा त्यांचा विचार. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावचं कॉलेज ऑफ द पॅसिफिक गाठलं आणि पुन्हा कोच म्हणून सुरुवात केली. १९३८ मध्ये तो लहानसा संघ घेऊन ते शिकागोला आले, स्वतःचंच नाव दिलेल्या स्टॅग फील्डवर. निकाल: पॅसिफिक ३२, शिकागो ०. त्या दिवशी त्यांना काय वाटलं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो. आनंद झाला असेलच असं काही सांगता येत नाही.

पुढच्याच हंगामात शिकागोला मिशिगनने ८५-० आणि हार्वर्डने ६१-० असं धुतलं, आणि डिसेंबर १९३९ मध्ये हचिन्स यांनी फुटबॉल बंद करून टाकला. चारच वर्षांपूर्वी याच विद्यापीठाच्या जे बरवँगरला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूची पहिली ट्रॉफी, म्हणजे आजची हाइसमन, मिळाली होती. (ती त्याच्या नात्यातल्या एका बाईंनी बराच काळ दार अडवायला वापरली म्हणे. ट्रॉफ्यांचं याहून चांगलं काही होऊ शकतं असं मला वाटत नाही.) ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिम गॅलरीखालच्या, स्क्वॉशसारख्या खेळाच्या एका कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाने घडवलेली पहिली नियंत्रित अणु-साखळी प्रक्रिया करून दाखवली. हचिन्स यांच्या बाजूचे लोक हे उदाहरण आवडीने देतात. पाहा, खेळ गेला आणि विज्ञान आलं! युक्तिवाद म्हणून हे भुसभुशीत आहे. फर्मींना एक उंच, रिकामी, बंदिस्त जागा हवी होती आणि ती तिथे सापडली, एवढंच.

तरीही हचिन्स यांच्याबद्दल मला अर्धा आदर आहे. विद्यार्थी नावाखाली भाडोत्री खेळाडू ठेवण्यापेक्षा खेळ बंद केलेला बरा, हे म्हणायला धैर्य लागतं. पण त्यांची चूक अशी की घाण काढायची सोडून त्यांनी घरच पाडलं. ज्या विभागाकडे सगळ्या विद्यार्थ्यांच्या अंगमेहनतीचं काम होतं, त्यालाच त्यांनी बाजारू फुटबॉलच्या बरोबरीने शिक्षणाबाहेर ढकललं. तीस वर्षांनी, १९६९ मध्ये, शिकागोने फुटबॉल पुन्हा सुरू केला. खेळाच्या शिष्यवृत्त्या नाहीत, प्रचंड स्टेडियम नाही, पोरं परीक्षा देतात आणि शनिवारी खेळतात. एंजल यांना १९०६ मध्ये साधारण असंच काहीतरी हवं असावं.

बाकी अमेरिका दुसऱ्या दिशेला गेली. आज तिथल्या कितीतरी राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित सर्वाधिक पगाराचा माणूस राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. खुर्ची मागे पडली, करारनामा आला. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे पैसे घेता येतात आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली, एका विद्यापीठाला वर्षाकाठी सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. खेळाडूंना पैसे मिळाले याचं मला वाईट वाटत नाही. इतकी वर्षं त्यांच्या घामावर बाकीचे गबर झाले. पण तिथल्या कोचला शिक्षक म्हणायचं आता तरी बंद करावं.

आपला या सगळ्याशी संबंध लांबचा वाटतो, पण एक धागा पक्का आहे. स्टॅग आणि नाइस्मिथ ज्या स्प्रिंगफिल्डात होते, तिथेच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. भारतात ‘पीटी मास्तर’ नावाचा जो शिकलेला, शिट्टीवाला माणूस तयार झाला, त्याचं एक मूळ तिथे आहे. दुसरं मूळ आपलं स्वतःचं, आखाड्यातलं. त्यात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे आणि गल्लीबोळातल्या तालमी आहेत. उस्ताद आणि शिट्टीवाला सर, ही दोन मुळं आपल्या कॉलेजांत एकजीव झालीच नाहीत. उस्तादाला पदवी नाही म्हणून कॉलेजात जागा नाही, आणि सरांकडे पदवी आहे पण शिकवायला वेळ नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण पदकाची म्हणून सांगतो. ती कॉलेजची म्हणूनही ऐकावी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात हा बुटका मुलगा कुस्तीत नाव घालायला गेला, तर खेळाच्या शिक्षकाने त्याला नाकारलं आणि प्राचार्य खर्डेकरांनी आत घेतलं, असं सांगतात. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले तेव्हा याच खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, हेही सर्वांना ठाऊक आहे. आपण ही गोष्ट ऐकून डोळे पुसतो. मला मात्र दरवेळी राग येतो. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी प्राचार्याला घर गहाण ठेवावं लागलं, यात कौतुक त्या माणसाचं आहे. कॉलेज नावाच्या यंत्रणेची मात्र लाज आहे. आणि आजही यंत्रणेची जागा आपण देवमाणसांनीच भरून काढतो. पदकं मग येतात सैन्यातून, रेल्वेतून, क्रीडा प्रबोधिनीतून. कॉलेज मागाहून फ्लेक्स लावतं.

तर खुर्ची म्हणजे नेमकं काय? मैदानावरचे तास हे अध्यापनाचे तास म्हणून वेळापत्रकात मोजावेत. सकाळी सहा ते आठ सराव घेतलेल्या माणसाला पुन्हा अकरा ते पाच बसवून गठ्ठे मोजायला लावू नये. त्याच्या बढतीसाठी ‘कबड्डीपटू आणि खो-खोपटू यांच्या लवचिकतेचा तुलनात्मक अभ्यास’ छापून आणण्याची सक्ती नको. असल्या शोधनिबंधांनी कुणाची लवचिकता वाढलेली नाही. हे बोललं की स्टाफरूममधून नेहमीचा आक्षेप येतो, मग आम्ही का पीएचड्या करायच्या? त्यांना एवढंच विचारावं, की मुलगी घरच्यांशी भांडून धावायला येते, तिला तीन वर्षं मैदानावर टिकवून ठेवणं हे अध्यापन नाही तर काय आहे?

आणि हिशोब म्हणजे? इथे आपण अगदी उलटा हिशोब मागतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात पदकांचा रकाना असतो, तो भरायचा. मग दुसऱ्या कॉलेजचा तयार खेळाडू फी माफ करून आणायचा, त्याचं तोंड वर्गाने कधी पाहिलेलं नसतं. आमच्या वेळीही होता असा एक, विद्यापीठाचा कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेला, परीक्षेच्या दिवशी त्याला वर्ग कुठे आहे ते विचारावं लागलं. तो आमचा एकरसॉल. माझ्या मते संचालकाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. किती मुलं-मुली आठवड्यातून निदान तीन दिवस मैदानावर येतात? संघातले किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले? जिमखाना फीचा पैसा कुठे गेला? आणि हे विचारावं संस्थाचालकाने एकट्याने केबिनमध्ये बोलावून नव्हे, तर सगळ्या शिक्षकांच्या सभेने. हार्पर-स्टॅग जोडीत नेमकी हीच सभा गैरहजर होती.

स्टॅग पॅसिफिकमध्ये १९४६ पर्यंत राहिले. १९४३ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांना देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच ठरवलं गेलं. मग काही वर्षं पेनसिल्व्हेनियात मुलाच्या हाताखाली मदतनीस, मग पुन्हा स्टॉकटनच्या ज्युनियर कॉलेजात. शिकवणं सोडलं तेव्हा वय शहाण्णव. गेले १९६५ मध्ये, एकशे दोन वर्षांचे होऊन.

आमचे सर नियत वयात निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, आणि ज्यांनी कधी मैदान पाहिलं नव्हतं अशा तिघांची भाषणं. जिमखान्याची किल्ली प्रयोगशाळेतल्या एका सहायकाकडे ‘प्रभारी’ म्हणून दिली गेली, पद भरेपर्यंत. गेल्या वर्षी एका कामासाठी कॉलेजात गेलो होतो. किल्ली अजून प्रभारींकडेच आहे. ती लोखंडी खुर्ची मात्र कुणीतरी उचलून आता गेटवर, वॉचमनसाठी ठेवली आहे.